गुलाबी कोटांचा खुलासा

२ तारीख, सोमवार

आणि वर खुलासा आम्हीच द्यायचा. तोही लेखी, तोही इंग्रजीत, तोही वीस तारखेच्या आत. हॉटेलातल्या स्वयंपाक्यांचे पांढरे कोट शुक्रवारी आमच्या लाँड्रीत धुतले आणि ते गुलाबी होऊन गेले, हे खरं आहे. मी काही आंधळी नाही. पण आत लाल काहीतरी शिरल्याशिवाय पांढरं कापड आपोआप लाजत नाही. आणि गाठोडं बांधून पाठवतं कोण? हॉटेल. म्हणजे त्यांच्याच टेबलावरचा एखादा लाल नॅपकिन त्यात राहिला असणार. शेंबड्या पोराला कळेल. खुलासा खरं तर त्यांनी मला द्यायला हवा.

पण तिथे नवी मॅनेजरबाई आलीय. तिला इंग्रजी सोडून काही कळत नाही आणि फोनवर ती येत नाही. नमुना म्हणून एक गुलाबी कोट परत पाठवला आणि सोबत चिठ्ठी. सुनेने वाचून दाखवली. खुलासा पटला नाही तर चादरी, अभ्रे, टॉवेल, कोट, सगळं नदीपलीकडच्या मोठ्या धुलाई कारखान्याकडे जाणार. आमचा मोठा ड्रम या एका हॉटेलवर फिरतो. ते गेलं की आम्ही सासूसुना शेजाऱ्यांच्या शर्टांना इस्त्री करत बसणार. आणि मुलगा बोटीवरून सुट्टीला आला की त्याला सांगणार, बघ, तुझ्या बापाने उभं केलेलं दुकान आम्ही आता इस्त्रीच्या टेबलाएवढं केलंय.

सून म्हणाली, आई, राग माझ्यावर काढण्यापेक्षा वहीत काढा. म्हणून साबणवाल्याने दिलेल्या या डायरीत लिहितेय. चौथीनंतर एवढं सलग पहिल्यांदाच लिहिलं. बोटं दुखली.

दिवसच वाईट चाललेत. वाफेने केस पिंजारतात म्हणून डोक्याला बांधायला लाल रुमाल घेतला होता, नवा कोरा. तोही शुक्रवारी सापडेना. शनिवारी मोठ्या ड्रमच्या तोंडाच्या रबरात अडकलेला मिळाला. एका पाण्यात निम्मा रंग गेला, तरी तोच बांधलाय. कापडवाला तर पक्का रंग, पक्का रंग म्हणून शपथा घेत होता. हल्ली कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची सोय राहिली नाही. हे मी सुनेला सांगत होते तर ती तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिली. काय झालं विचारलं. काही नाही, आई, म्हणाली.

४ तारीख, बुधवार

सुनेने मोबाइलकडून पत्र करून घेतलं. मी मराठीत बोलले, त्याने इंग्रजी करून दिलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत. मग लोक शाळेत इतकी वर्षं करतात काय?

मी सांगितलं होतं ते असं. आम्ही डोळ्यात तेल घालून काम करतो. आमच्या नावाने खडे फोडू नका. आमच्या पोटावर पाय देऊ नका. नॅपकिन तुमचा.

झालं की. पण पाठवायच्या आधी कुणाला तरी दाखवू म्हणून सून अडून बसली. दाखवायचं कुणाला, तर समोरच्या गल्लीतल्या खाडाखोडेंना.

हे नाव मी ठेवलेलं. माणूस छापखान्यांची प्रुफं तपासतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, घरात कागद राहतात आणि त्यांच्यात जागा मिळेल तिथे हा राहतो. दर आठवड्याला शर्ट टाकायला येतो, बाहीला शाई लागलेली. आमच्या पाटीवर पूर्वी लिहिलं होतं, कपडे त्वरित मिळतील. त्याच्या खाली हा पेन्सिलीने लिहून गेला, त्वरित म्हणजे केव्हा? असला माणूस.

त्याने पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बाई, यात लिहिलंय की तुम्ही डोळ्यांत तेल ओतता आणि मग कपडे धुता."

"बरोबर आहे."

"कुणाच्या डोळ्यांत ते दिलेलं नाही. मॅनेजरबाई डॉक्टर पाठवतील."

"आणि पुढचं?"

"पुढे कुणीतरी तुमचं नाव घेऊन दगड फोडतंय आणि कुणीतरी तुमच्या पोटावर उभं आहे. डॉक्टरबरोबर पोलीसही येतील."

सून हसली. मी नाही हसले. मराठीत जे सरळ आहे ते इंग्रजीत वाकडं होत असेल तर दोष इंग्रजीचा.

तो म्हणाला, मी लिहून देतो, पण घाई करू नका, शब्द रात्रभर भिजत ठेवावा लागतो. मी विचारलं, साबण किती घालू?

६ तारीख, शुक्रवार

एक शब्द. आज अख्ख्या दुपारभरात एक शब्द झाला नाही. चहा मात्र दोनदा झाला.

सॉरी लिहायचं, रिग्रेट लिहायचं की अपॉलजी, यावर हा अडला. मी म्हटलं, जो लहान असेल तो लिहा, शाई वाचेल. तर मला समजावत बसला. म्हणे, गर्दीत पायावर पाय पडला की तोंडातून जातं ते सॉरी. पाय माझाच होता हे मान्य असेल तर अपॉलजी. आणि पाय कुणाचा का असेना, तुमचं बोट चेंगरलं याचं मला वाईट वाटतं, एवढंच म्हणायचं असेल तर रिग्रेट.

"मग रिग्रेट. पाय हॉटेलचा."

"खात्री आहे?"

"आहे."

"लाल नॅपकिन तुम्ही डोळ्यांनी पाहिलात?"

"वारा मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. दार वाजतं तेव्हा कळतंच की."

तो माझ्या डोक्याकडे बघत राहिला. डोक्यावर काय लिहिलंय का, मी विचारलं. नाही, म्हणाला. पेन्सिल खिशात घातली आणि गेला. जाताना म्हणाला, पाय कुणाचा ते एकदा कळलं की शब्द आपोआप येतो, बाई. पाय, पाय, पाय. मी कोटांबद्दल बोलतेय.

९ तारीख, सोमवार

आज तर कळस झाला. कोट गुलाबी नाहीच म्हणे. पिंक हा ढोबळ शब्द आहे, नेमका रंग लिहायला हवा. ब्लश आहे, रोझ आहे, सॅमन आहे.

"सॅमन म्हणजे?"

"मासा असतो. त्याच्या आतला रंग."

"म्हणजे आमच्याकडून कोट माशासारखे होऊन आले असं तुम्हीच लिहून देणार. उद्या वासाचीही तक्रार येईल."

"मग ब्लश. लाजल्यावर गालावर येतो तो."

"कोट कशाला लाजेल? लाजायचं हॉटेलने."

म्हणाला, उजेडात बघितल्याशिवाय ठरणार नाही. नमुन्याचा कोट घेऊन खिडकीशी गेला आणि मला तिथे बोलावलं. मी इस्त्री आडवी सोडून जात नाही कधी, पण गेले. तर त्याने कोटाची बाही उचलून माझ्या कानाशी धरली. इतका जवळ की शाईचा वास आला. एकदा बाहीकडे बघितलं, एकदा रुमालाकडे, मग बराच वेळ कशाकडेच नाही, नुसतं समोर. आणि हळूच म्हणाला, "जुळतंय."

"काय जुळतंय?"

"शब्द," म्हणाला, आणि कोट माझ्या हातात कोंबून निघून गेला. चष्म्याचं घर इथेच विसरला. कान लालेलाल झाले होते त्याचे. ब्लश की सॅमन, विचारायचं राहिलं.

सून मोठ्या ड्रममागे जाऊन खोकत होती. वाफ लागली म्हणे. वाफ बंद होती.

१० तारीख, मंगळवार

कुणी आलं नाही. शब्द भिजतोय.

१२ तारीख, गुरुवार

हॉटेलचं गाठोडं आलं नाही. दर गुरुवारी येतं. सकाळपासून मी रस्त्याकडे कान लावून. त्यांच्या गाडीचा हॉर्न वेगळा आहे, नाक चोंदल्यासारखा. तो आज शेजारच्या बेकरीशी वाजला आणि पुढे गेला.

मोठा ड्रम रिकामा राहिला तर आतून वास धरतो. म्हणून घरातल्या धुतलेल्या चादरी परत धुतल्या. सून म्हणाली, आई, या स्वच्छ आहेत. मी म्हटलं, गप बस, यंत्राला काय कळतंय? पण मला कळत होतं. नवऱ्याने हा ड्रम आणला तेव्हा दार लहान पडलं म्हणून चौकट तोडून आत घेतला होता. आता बाहेर काढायचा झाला तर परत चौकट तोडावी लागेल. हे मी उगाच लिहितेय.

मग डोकं चालवलं. सुनेला हॉटेलात पाठवलं, जेवणाच्या खोलीत डोकावून नॅपकिन बघून ये म्हटलं. खाडाखोडे पुरावा मागतो ना, घे म्हणावं पुरावा.

ती आली. नॅपकिन निळे आहेत, आई.

"सगळे?"

"सगळे. नेहमीच निळे होते. आपणच धुतो ते."

"मग कुठल्यातरी गिऱ्हाइकाचा रुमाल असणार लाल."

"आई, लाल रुमाल कुणाचाही असू शकतो."

"तेच मी म्हणतेय कधीची."

तिने कपाळाला हात लावला. या मुलीला सारखी वाफ लागते, सारखं डोकं दुखतं. मुलाला सांगायला हवं. मी रुमाल सोडून परत घट्ट बांधला आणि बेकरीवाल्याचे ॲप्रन घेतले धुवायला.

१५ तारीख, रविवार

आज मी खाडाखोडेला धारेवर धरलं. म्हटलं, वीस तारीख तोंडावर आली, माझं दुकान बुडायला लागलंय आणि तुम्ही शब्द वाळत घालताय. आज पत्र द्या नाहीतर चष्म्याचं घर मिळणार नाही.

तो म्हणाला, "माझ्याकडे एक शब्द आहे, बाई. नेमका आहे. पण तो तुम्हाला आवडणार नाही."

"आवडायला तो काय जावई आहे? बोला."

"अवर."

"म्हणजे?"

"आमचा."

"काय आमचा?"

त्याने पाणी मागितलं. सुनेने दिलं. प्यायला. परत मागितलं. ती त्याला डोळ्यांनी काहीतरी खुणावत होती, आणि तो मान हलवत होता. दोघांची मिलीभगत आहे, कशात ते समजत नाही.

"विश्वास," म्हणाला शेवटी. "आमचा विश्वास."

"मग यात न आवडण्यासारखं काय आहे? लिहा की. ठळक लिहा."

एवढ्या साध्या गोष्टीला घाम फुटला होता माणसाला. मी म्हटलं, ती खिडकी उघडा. चष्म्याचं घर दिलं. त्यात त्याने काहीबाही शब्द लिहिलेला एक कागद दडपला होता, सगळे शब्द खोडलेले. खोडलेलं मला वाचता येत नाही, आणि न खोडलेलं इंग्रजी असतं.

१९ तारीख, गुरुवार

पत्र झालं. पाच ओळी. एवढ्या दिवसांत तर मी अख्ख्या हॉटेलच्या चादरी धुऊन, वाळवून, परत मळवल्या असत्या.

त्याने उभं राहून वाचून दाखवलं. वाचतो छान. कुठेही अडकत नाही, जसं काही खालून गरम इस्त्री फिरते.

"रिग्रेट आहे ना त्यात?"

"आहे. शेजारी अपॉलजीही आहे."

"दोन दोन कशाला?"

"पायही दोन असतात, बाई."

परत पाय. मी सोडून दिलं. "आणि नॅपकिनचं काय?"

"नॅपकिनबद्दल एकही खोटा शब्द नाही."

"शाब्बास."

"मराठीत सांगू का काय लिहिलंय?"

"मराठीत कशाला? मराठीत मीच तर सांगितलंय."

"तरी एकदा सांगतो."

"बेकरीचे ॲप्रन खळीत आहेत माझे. द्या इकडे."

तिसऱ्यांदाही विचारलं त्याने. मी सही केली. माझी सही मला आवडते, शेवटी एक वेलांटी ओढते मी. सून पत्र घेऊन हॉटेलवर गेली. तो दारात उभा राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होता, जसा काही सुनेबरोबर त्याचाच निकाल निघाला होता. मी म्हटलं, बसा, चहा घ्या, आता तर काम झालं. नको म्हणाला. पहिल्यांदाच नको म्हणाला.

२४ तारीख, मंगळवार

चोंदलेला हॉर्न. आमच्याच दाराशी.

दोन गाठोडी आली, डोंगराएवढी. आणि पत्र. मी सुनेला म्हटलं, बघ, नॅपकिन कबूल केला बाईने. वाच.

सुनेने वाचलं आणि मराठीत सांगितलं. मॅनेजरबाई लिहिते, आजवर खूप लाँड्रीवाल्यांची पत्रं आली, सगळ्यांत चूक माझ्याच माणसांची असते. तुमचं पहिलंच पत्र, ज्यात सरळ लिहिलंय की रंग आमच्याकडचाच होता, त्याबद्दल आम्ही माफी मागतो, तुमच्या स्वयंपाक्यांची पंचाईत झाली याचं वाईट वाटतं, आणि कपडे मात्र आमचा विश्वास देऊन सांगतो, स्वच्छ आहेत. असं स्वच्छ पत्र लिहिणारा कपडेही स्वच्छच धूत असणार. काम तुमच्याकडेच राहील.

"थांब," मी म्हटलं. "कुणाकडचा रंग?"

"आमच्याकडचा."

"आमच्याकडे लाल काय आहे?"

सुनेने बोटही दाखवलं नाही. पण तिची नजर माझ्या कपाळाच्या वर जाऊन थांबली, आणि तिथे बसून राहिली.

मी रुमाल सोडला. नमुन्याच्या कोटावर ठेवला. मग ड्रमकडे बघितलं. मग ड्रमच्या तोंडाच्या रबराकडे.

त्या कापडवाल्याला मी सोडणार नाही.

मग मी विचारलं, "कुणाकुणाला माहीत होतं?"

"मला. समोरच्या काकांना."

"अजून?"

"बेकरीवाल्यांना. साबणवाल्याला."

"साबणवाल्याला?"

"तुमचा रुमालच सगळ्यांना सांगत होता, आई. मी कुणाला काही बोलले नाही."

पत्रात आणखी खाली होतं ते तिने मग वाचलं. मुख्य स्वयंपाकी त्याचा गुलाबी कोट परत द्यायला तयार नाही. जेवायला येणारे विचारतात, कुठून आणला. तर उरलेले सगळे कोट, वाढप्यांचे ॲप्रनसुद्धा, अगदी त्याच रंगात करून मिळतील का, सोमवारपर्यंत कळवा.

२५ तारीख, बुधवार

सकाळी खाडाखोडेच्या घरी गेले. खुर्चीवर कागद होते, म्हणून उभ्याउभ्याच.

"मला न सांगता तुम्ही लिहिलंत?"

"वाचून दाखवलं, बाई."

"इंग्रजीत."

"मराठीत सांगू का, तीनदा विचारलं."

"ते शेवटी. पहिल्याच दिवशी सांगायचं, रुमाल तुमचा आहे म्हणून."

"सांगायचं होतं. शब्द सापडेना."

"रुमाल तुमचा. यात अवघड शब्द कुठला?"

त्याने पेन्सिल उचलली, टोक बघितलं, ठेवली. "तुमचा म्हणालो असतो तर तुम्ही मला परत दुकानाची पायरी चढू दिली नसती."

शर्टांची एवढी काळजी असेल तर चौकात दुसरी लाँड्री आहे. तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, हो, आहे खरी. आणि खाली मान घालून कुठल्यातरी कागदावरचा बरा चाललेला शब्द खोडला.

मला ड्रम लावायचा होता म्हणून आले. येताना वाटेत लक्षात आलं, मी भांडायला गेले होते आणि भांडण राहूनच गेलं.

२७ तारीख, शुक्रवार

कापडवाल्याकडे गेले. आधी त्याला चार शब्द ऐकवले, मग विचारलं, तेच लाल रुमाल आहेत का अजून? आहेत, म्हणाला, आणि रंग पक्का आहे, आईशपथ. मी म्हटलं, पक्का असेल तर नको. तो बिचारा गडबडला. त्याच्या धंद्यात कुणी असं विचारलं नसणार. शेवटी हळू आवाजात कबूल केलं, बाई, कच्चा आहे, पाण्यात ठेवला की पळतो. मग घेतला अख्खा गठ्ठा.

एक रुमाल, कोमट पाणी, मोठा ड्रम. दुपारी गाठोड्यातले कोट बाहेर आले ते अगदी तस्से. सून म्हणाली, आई, ब्लश. मी म्हटलं, सॅमन. खिडकीशी जाऊन बघू म्हणून एक कोट घेऊन गेले, माझा जुना रुमाल त्याच्या शेजारी धरला. लांबूनच दिसत होतं. डोळे किलकिले केले तरी दिसत होतं. दारात उभं राहूनही दिसलं असतं.

मग त्या सोमवारी तो इतका जवळ कशाला आला होता?

मी खिडकीशीच उभी राहिले. आठवून बघितलं. रुमालाकडे त्याने एकदाच बघितलं होतं. बाहीकडे एकदाच. उरलेला वेळ तो रुमालाच्या खाली बघत होता.

इस्त्री आडवीच राहिली होती. सुनेने धावत जाऊन उभी केली. बेकरीवाल्याच्या ॲप्रनवर इस्त्रीचा डाग पडला. त्याचा खुलासा मी मराठीत देईन.

हॉटेलला होकार कळवायचाय, म्हणजे परत इंग्रजी, म्हणजे परत तोच. पण आधीचा हिशेब आधी. त्याचे शर्ट तयार होते. कॉलरला आम्ही टॅग टाचतो, त्यावर गिऱ्हाइकाची खूण असते. आज त्या टॅगवर मी स्वतः लिहिलं, बारीक अक्षरात, दोन्ही बाजूंनी. सुनेला वाचू दिलं नाही. इथे उतरवून ठेवते, नंतर नाही म्हणायला नको.

कोटाची बाही माझ्या कानाशी धरून तुम्ही जुळतंय म्हणालात. काय जुळत होतं ते लिहून पाठवा. मराठीत, एका शब्दात. भिजत ठेवायचं नाही, खाडाखोड चालणार नाही. सोमवारी मला हॉटेलला उत्तर द्यायचंय, त्याआधी मला माझं हवं. रविवारी संध्याकाळपर्यंत. हा एक शर्ट पाठवलाय. बाकीचे उत्तर आल्यावर.